तुम्ही विचारलंत म्हणून: सरळ देणगीच का देत नाही?

सुट्टीच्या दिवशी मी नदीकाठी बसून वाळू धुते, हे ओळखीतल्या सगळ्यांना एव्हाना ठाऊक आहे. सोनं सापडतं का, हा पहिला प्रश्न असतो. सापडतं, पण फार थोडं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एवढं सोपं नाही. छंद म्हणून सोनं शोधणारी आम्ही मंडळी वर्षातून एकदा दोन दिवस जमतो आणि त्या मेळाव्यात उभा राहिलेला सगळा पैसा आजारी मुलांच्या उपचारांसाठी देतो. हे ऐकल्यावर बहुतेक जण तुम्ही परवा विचारलंत तेच विचारतात: एवढा घाट घालण्यापेक्षा प्रत्येकानं सरळ देणगी का देऊ नये?

देणगी द्यावीच. आमच्यातले बरेच जण वर्षभर देतातही. पण मेळावा कशासाठी, हे कळायला आधी या छंदाचा स्वभाव कळायला हवा.

सोनं जड असतं, आणि आमची सगळी विद्या त्या एका गोष्टीवर उभी आहे. साधी वाळू पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड, सोनं 19.3 पट. डोंगरातल्या गारगोटीच्या शिरा झिजतात, त्यातलं सोनं सुटून पाण्याबरोबर निघतं आणि प्रवाहाचा जोर जिथे कमी होतो तिथे सगळ्यात आधी तळ गाठतं. वळणाची आतली बाजू, मोठ्या दगडामागचा आडोसा, तळाच्या खडकातल्या भेगा. वाचायला दोन ओळी लागतात. एखाद्या नदीत नेमकी ती भेग कुठे आहे, हे कळायला मला चार वर्षं लागली. इतक्या कष्टानं हाती आलेली जागा कोण कुणाला सांगणार? म्हणून आम्ही सांगत नाही. गाडी लांब लावतो, कुणी विचारलंच तर "वरच्या अंगाला" असं मोघम बोलतो. शेजारी बसून वाळू धुणारी दोन माणसंसुद्धा एकमेकांच्या पॅनमध्ये, म्हणजे वाळू धुण्याच्या पसरट ताटलीत, डोकावत नाहीत.

हे आजचं नाही. 24 जानेवारी 1848 रोजी कॅलिफोर्नियात सटर नावाच्या जमीनदारासाठी लाकूड कापायची गिरणी बांधणाऱ्या जेम्स मार्शलला तिच्या पाटात सोनं दिसलं, तेव्हा सटरनं कामगारांना गप्प राहायला सांगितलं. ते गुपित काही महिनेही टिकलं नाही, पण लपवण्याची ती ओढ या छंदात अजून जशीच्या तशी आहे. मला ती कधीच आवडली नाही, आणि माझ्यातही ती आहे.

मेळाव्याच्या दोन दिवसांत ती सैल होते. इथे प्रत्येकानं आपापल्या जागेवरची वाळू बादलीत भरून आणायची असते. येणारे लोक पैसे देऊन बादली घेतात, टबातल्या पाण्यात धुतात आणि त्यात जे निघेल ते त्यांचं. ज्याची बादली, त्यानं शेजारी बसून शिकवायचं. शिकवायला बसलं की जागेबद्दल, तिथल्या गाळाबद्दल बोलावंच लागतं.

गेल्या वर्षी माझ्या समोरच्या टबाशी एक वयस्कर गृहस्थ होते. अनेक वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून मी दहा वाक्यं ऐकली नसतील. त्यांच्यापुढे नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, हातात हिरवा पॅन. हिरवा अशासाठी, की त्यावर काळी वाळू आणि पिवळा कण दोन्ही ठळक दिसतात. तिनं घाईघाईनं पाणी फिरवायला सुरुवात केली, तसं त्यांनी तिचे हात धरून थांबवले. "आधी नुसतं डावी-उजवीकडे हलव. जड आहे ते खाली जाऊ दे. मग वरचं सोडून द्यायचं." पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला, कारण बारीक सोनं कोरडं राहिलं तर पाण्यावर तरंगत निघून जातं. खडे गेले, पिवळसर वाळू गेली, तळाशी चमचाभर काळी वाळू उरली. मग त्यांनी तिला पॅन तिरका धरून थोडंसं पाणी हलकेच फिरवायला लावलं. काळी वाळू पुढे सरकली आणि मागे चार ठिपके जागचे हलले नाहीत. तिला ते अभ्रक वाटलं. त्यांनी पॅनवर हाताची सावली धरली. अभ्रक सावलीत विझतं. हे ठिपके तसेच पिवळे राहिले.

नंतर ते तिला सांगत होते, "झाड आडवं पडलंय ना, त्याच्या खालच्या बाजूला खडकात फट आहे. तिथली वाळू ही." मी ऐकलं. आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ऐकलं. त्यांना ते कळलं होतं, तरी ते थांबले नाहीत.

देणगीच्या चेकनं हे घडलं नसतं. मुलांसाठी म्हणून हात सैल सोडला की त्याबरोबर तोंडही सैल सुटतं, हे मी दरवर्षी पाहते.

बाकी कार्यक्रम तुम्हाला मजेचे वाटतील. मैदानात नंबर घातलेले बिल्ले पुरलेले असतात, मेटल डिटेक्टरवाले ते शोधतात आणि नंबराप्रमाणे बक्षीस मिळतं. बक्षिसं सगळी सदस्यांनीच दिलेली. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवायचा आणि सापडलेले गंजके खिळे, शिशाच्या गोळ्या पिशवीत भरून परत आणायच्या, यात सवलत नाही. धुण्याची स्पर्धाही होते. वाळूत मोजून कण टाकलेले असतात आणि जागतिक स्पर्धेतल्यासारखाच एक कण हरवला की वेळेत तीन मिनिटं वाढतात. त्यामुळे सगळ्यात चपळ माणूस बहुधा जिंकत नाही.

शेवटी एक काचेची कुपी फिरते. वर्षभरात सापडलेल्यातलं जमेल तितकं प्रत्येक जण त्यात टाकतो आणि मग ती सगळ्यांसमोर तोलून लिलावात जाते. गेल्या वर्षी अकरा ग्रॅम भरलं. एक किलो सोन्याचा ठोकळा जेमतेम पावणेचार सेंटिमीटर बाजूचा होतो, त्यावरून अकरा ग्रॅम दिसायला किती ते ताडा. बोटाच्या पेराएवढ्या कुपीचा तळ झाकला गेला, इतकंच. पण त्यातला एकेक कण कुणीतरी थंड पाण्यात गुडघाभर उभं राहून काढलेला होता, आणि बोली लावणाऱ्यांना ते माहीत होतं. त्या धातूच्या भावाच्या कितीतरी वर बोली गेली.

यंदाचा मेळावा पुढच्या महिन्यात आहे. दोन बादल्या भरून ठेवल्यात, त्या चार वर्षांनी सापडलेल्या भेगेतल्या. या तुम्ही. कुठली वाळू, ते धुताना सांगते.