'रद्द करा' दाबल्यावर

दुपारी ऑफिसात शेजारचा एक रिपोर्ट काढत होता, तारखा टाकताना सगळीच वर्षं निवडली गेली, मग ते गोल चक्र फिरतंय फिरतंय, शेवटी वैतागून त्याने 'रद्द करा' दाबलं, टॅबही बंद केला आणि गेला उठून. मी उगाच डेटाबेसमध्ये डोकावलो. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आत्ता काय काय चाललंय त्या यादीत, त्याची क्वेरी (रिपोर्टसाठी डेटाबेसला केलेली विचारणा) अगदी 'अ‍ॅक्टिव्ह'. ज्याच्यासाठी चाललंय तो पसार आणि ही बिचारी राबतेय.

ही माझी खोडच आहे म्हणा. रद्द करायचं बटण दिसलं की ते खरंच काही थांबवतं की नुसतं आपल्याला गप्प करतं, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बहुतेक वेळा गप्पच करतं.

लहानपणी आई मला वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे शिडी मागायला पिटाळायची आणि मी जिना चढून गेलो की तिला ती माळ्यावरची वस्तू खालीच सापडायची. आता हाक मारून उपयोग नाही, मग धाकट्याला पळवायची, "जा, त्याला म्हणावं राहू दे." तो धापा टाकत येईपर्यंत काकू शिडी काढायला आत गेलेल्या, आणि त्यांचं बोलणं सुरू असायचं ते वेगळंच, मध्ये श्वास घ्यायला थांबल्या तरच आपल्याला तोंड उघडता येणार. त्यातून शिडी अर्ध्या जिन्यात आलेली असली तर ती परत वर चढवायची, ते तर विचारूच नका.

पोस्टग्रेसमध्ये डिट्टो. क्वेरी ज्या कनेक्शनवर चाललीय ते अडकलेलं, म्हणून अ‍ॅपने दुसरं कनेक्शन उघडायचं, त्यावरून ती क्वेरी चालवणाऱ्या प्रोसेसचा नंबर आणि एक गुप्त किल्ली पाठवायची, सर्व्हर त्या प्रोसेसला सिग्नल देतो आणि हो-नाही काही न सांगता फोन ठेवून देतो. प्रोसेस तिच्या सोयीच्या जागी आली की मग तो सिग्नल बघणार. जेडीबीसीतही (जावातला प्रोग्रॅम डेटाबेसशी ज्यातून बोलतो ते) कॅन्सल दुसऱ्या थ्रेडमधूनच, म्हणजे प्रोग्रॅमच्या समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यातूनच, मारावं लागतं, कारण पहिला उत्तराची वाट बघत ताटकळलेला. आणि निरोप उशिरा पोचला, तेवढ्यात ते कनेक्शन पूलमधून (आळीपाळीने वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून) भलत्याच्या हातात गेलं, तर त्याचीच क्वेरी ५७०१४ एरर देऊन मरते, वर मेसेज काय, तर 'ड्यू टू यूझर रिक्वेस्ट'. त्या बापड्याने कसली रिक्वेस्ट केली होती!

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची तऱ्हा वेगळी. लाखो रो (ओळी) बदलणारं अपडेट 'किल क्वेरी'ने मारलं की इनोडीबी, म्हणजे त्याचं डेटा सांभाळणारं इंजिन, केलेलं सगळं उलटं फिरवत (रोलबॅक करत) बसतं, आणि त्याला कधी कधी मूळ कामापेक्षा जास्त वेळ लागतो. चिडून सर्व्हर रीस्टार्ट केलात तरी उठल्यावर तो उरलेलं रोलबॅकच पुढे चालवतो.

म्हणून मी रिपोर्टच्या यूझरला सरळ स्टेटमेंट_टाइमआउट, म्हणजे क्वेरी किती वेळ चालू द्यायची ती मर्यादा, लावून टाकतो. पोस्टग्रेसमध्ये ते मुळात ० असतं, म्हणजे चालू दे वाटेल तेवढं, आणि मी ३० सेकंद केलं की लोक भांडायला येतात, मोठे रिपोर्ट मध्येच मरतात म्हणे. मरू देत. महिनाअखेरचे जे खरंच मोठे असतात त्यांना वेगळा यूझर करून दिलाय, बाकीच्यांनी तारखा नीट टाकाव्यात.