तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या बाथरूममधले पाइप बाहेर का?

आमच्याकडे आलेला पाहुणा हातपाय धुऊन बाहेर येतो आणि हातात टॉवेल असतानाच विचारतो, ‘टाइल्स एवढ्या छान लावल्यात, मग पाइप उघडे का ठेवलेत?’ जवळचे असतील तर पुढचंही विचारतात, ‘पैसे कमी पडले का?’ पैसे कमी पडले नव्हते. मी ‘असंच’ म्हणून चहा टाकायला जाते. आता एकदाच सांगून टाकते.

पाइप निवडताना मी काही कसर ठेवली नव्हती. आमची डोंबिवलीतली चार मजली बिल्डिंग, ऐंशीच्या दशकातली. जुने जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप आतून गंजून इतके बुजले होते की गच्चीवरची टाकी भरलेली असूनही शॉवरला धार नसे आणि सकाळची पहिली बादली तांबडी निघे. बाथरूमचं काम काढायचं ठरल्यावर हार्डवेअरवाल्यांना मी सळो की पळो केलं. प्लास्टिकच्या पाइपांत पांढरा यूपीव्हीसी गार पाण्यापुरता, गीझरच्या लाइनला नको. हिरवा पीपीआर दणकट, पण सांधायला 260 अंशांवर तापणारं मशीन लागतं. रात्री गळायला लागला तर ते घेऊन कोण येणार? तांब्याचा भाव ऐकून मी दुकानाची पायरी उतरले. राहिला पिवळसर सीपीव्हीसी, तोही प्लास्टिकचाच, पण गरम पाण्याला चालणारा. त्याचा एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, स्टेशनजवळच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि तो चिकटवणारा हात प्रत्येक गल्लीत आहे. त्यातलाही जाड भिंतीचा, ‘एसडीआर 11’ प्रतीचा घेतला. तो 23 अंशांना दर चौरस सेंटिमीटरला 28 किलोचा दाब सोसतो, 82 अंशांना 7 किलोचा. आमच्या दुसऱ्या मजल्यावर टाकीचा दाब जेमतेम एक किलो. तेव्हाची मी हे आकडे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. आकडे खोटे नव्हते. तो पाइप दाबाने कधीच फुटला नाही.

भिंतीत झिऱ्या, म्हणजे खाचा, मारल्या, पाइप आत गेले. हातपंपाने 10 किलोचा दाब देऊन रात्रभर ठेवला, काटा हलला नाही. मग प्लास्टर, टाइल्स, आरसा, टॉवेलचा रॉड. वर्षभर सगळं छान चाललं.

मग खालच्या काकूंचा फोन. ‘अगं, आमच्या बेडरूमच्या भिंतीला ओल धरलीय. बघतेस का जरा?’

ओल आली की प्रत्येक जण वैद्य होतो. एक म्हणाला, वॉटरप्रूफिंग गेलं, कोबा उखडा. दुसरा म्हणाला, नहाणी ट्रॅप. ट्रॅपमध्ये रंगाचं पाणी ओतलं. खाली रंग उतरला नाही. कॉक बंद ठेवून पाहिला. पण भिंत सुकते इतक्या सावकाश की त्याचा परिणाम दिसेपर्यंत माणसं भांडून मोकळी होतात. आम्हीही झालो. काकूंचा मुलगा जिन्यात आवाज चढवून बोलला, माझ्या नवऱ्यानेही चढवला. पुन्हा पंप लावला, तेव्हा काटा हळूहळू उतरायला लागला. म्हणजे नळाची लाइनच. पण कुठे? गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळामागे फोडलं, कोरडं. गीझरच्या पॉइंटला फोडलं, कोरडं. त्या डिझाइनच्या टाइल्स तोवर बाजारातून गेल्या होत्या. प्रत्येक घाव मला ऐकू येत होता आणि खाली काकूंनाही.

पुढे फोडायला जागा हवी म्हणून प्लंबरने टॉवेलचा रॉड काढला. एक स्क्रू लालभडक गंजलेला. ‘ताई, हे बघा,’ म्हणत त्याने तो पकडीने ओढला आणि भोकातून पाण्याची बारीक धार थेट त्याच्या शर्टावर आली. रॉड लावताना स्क्रू पाइपात शिरला होता आणि स्वतःच पाडलेल्या भोकात बूच होऊन बसला होता. वर्षभर त्यानेच पाणी अडवलं. गंजून झिजला, तेव्हा सोडायला लागला.

आता दोष कुणाचा? ड्रिल मारणाऱ्याला भिंतीतलं काय दिसणार? लाइन टाकणाऱ्याने एक एल्बो वाचवायला पाइप तिरका नेला होता, पण त्याचा सांधा एकही गळला नाही. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घराच्या आतली गळती सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. आम्ही केली, काकूंची भिंतही रंगवून दिली. काकू अजून बोलतात, पण जिन्यात. हळदीकुंकवाला येत नाहीत.

त्यानंतर भिंतीतली लाइन आम्ही बंद केली आणि नवी टाइल्सवरून फिरवली, तोच सीपीव्हीसी, क्लॅम्प लावून. आता कुठे ओलावा आला तर बोट लावून कळतं. एवढंच कारण आहे.

दिसायला चांगलं नाही, मान्य. पाइपामागे साबणाचा थर बसतो आणि तो घासायला मीच असते. गरम पाण्याने तीन मीटरचा पाइप साधारण आठ मिलिमीटर वाढतो. क्लॅम्प लांब लांब असले तर मध्ये झोळ पडतो. आमच्याकडे पडला, मग क्लॅम्प वाढवले. खिडकीजवळ ऊन लागतं तिथे अ‍ॅक्रिलिक रंग द्यावा लागला. तेव्हाची मी हे बघून म्हणाली असती, ‘बाई, प्लास्टरआधी टेप धरून भिंतीचे फोटो काढले असतेस तर?’ खरं आहे. लेकीने पुण्याच्या घरी नेमकं तेच केलं: पाइप भिंतीत, सगळे उभे-आडवे, एकही तिरका नाही, प्रत्येक भिंतीचा फोटो. बाथरूम सुरेख दिसतं. तिथे माझं तोंड बंद होतं.

मागच्या खेपेला तिच्याकडे गीझरवाला ड्रिल घेऊन आला, तेव्हा ते फोटो जावयाच्या जुन्या फोनमध्ये होते आणि तो फोन चार्ज होत नव्हता. गीझरवाला म्हणाला, ‘इथे काही नसेल हो.’ मी त्याला थांबवलं. लेक अजून म्हणते, आई उगाच घाबरते.