हाताला गाठ लागत नसताना मानेचं ऑपरेशन

जिभेच्या डाव्या कडेचा चट्टा दोन महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर निघाला. दात लागत असेल, असं दवाखान्यात सांगितलं आणि मीही ते धरून बसले. वीस वर्षं मिश्री लावत होते, ते ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. शेवटी बायोप्सीत कॅन्सर निघाला.

जिभेचा तुकडा जाणार हे मी स्वीकारलं. पण मानेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी, त्या प्रत्येकाच्याच मानेत असतात) काढायच्या म्हटल्यावर अडले. सोनोग्राफी स्वच्छ होती, हाताला काही लागत नव्हतं. मग चांगली मान का कापायची?

सर्जननी कागदावर मान काढली. "ताई, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना? जिभेचं तसं मानेत." जबड्याखाली भाग एक, मानेच्या मोठ्या शिरेलगत वरून खाली दोन, तीन, चार, मागे पाच. जिभेचा कॅन्सर बहुधा आधी पहिल्या तिनांत उतरतो आणि सुरुवातीच्या पेशी सोनोग्राफीत दिसतही नाहीत. मग त्यांनी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचा २०१५ सालचा अभ्यास सांगितला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये ज्यांची मान लगेच साफ केली, त्यांच्यापैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. मी सही केली.

रिपोर्टमध्ये ३२ गाठी, त्यातल्या एकीत कॅन्सर. भाग दोनमधली. गाठीचं आवरण फुटलेलं नव्हतं, ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. फुटलं असतं तर केमोही लागली असती. मला नुसतं रेडिएशन दिलं, ३० वेळा.

खांद्याबद्दल मात्र आधी कुणी नीट बोललं नाही. खांदा उचलणारी नस भाग दोनमधूनच जाते. राखली तरी बाजूला सारताना दुखावू शकते. टाके निघाले तरी दोरीवर टॉवेल टाकायला डावा हात वर जाईना, वेणी घालताना कोपर खाली यायचं. फिजिओथेरपिस्टनी भिंतीवर बोटं चढवायला लावली. स्वयंपाकघराच्या दाराशी मी रोज पेन्सिलीने खूण करायचे. पहिली खूण खांद्याएवढी. कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोचायला चार महिने लागले. कुठले भाग काढणार, नस राखणार का, व्यायाम कधीपासून, हे सहीआधी जरूर विचारा.

आता दर तपासणीला डॉक्टर दोन्ही बाजूंनी मान चाचपतात, उजवीकडेही. तेवढा वेळ मी श्वास धरून बसते.