पॅरालीगल व्हायचंय? आधी कॅलिफोर्नियाचं कलम ६४५० वाचा

आपल्याकडे वकिलाच्या ऑफिसात कारकून असतो आणि ज्युनिअर असतो. अमेरिकेतला पॅरालीगल या दोघांच्या मधला. मसुदे करायचे, पुराव्याचे कागद लावायचे, मुदती सांभाळायच्या, पण सल्ला आणि कोर्टातला युक्तिवाद वकिलाचाच. कॅलिफोर्नियात स्वतःला पॅरालीगल म्हणवून घेणं वाटेल त्याला जमत नाही. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ६४५० नुसार अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेची मान्यता असलेल्या कोर्सचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल, तर अधिस्वीकृत कॉलेजची अशी पदवी किंवा प्रमाणपत्र, ज्यात कायद्याचे निदान २४ सेमिस्टर युनिट (अभ्यास मोजायचं माप, म्हणजे क्रेडिट) आहेत. कुठल्याही विषयातले पदवीधर वकिलाच्या हाताखाली वर्षभर काम करूनही पात्र होतात, मात्र तो वकील किमान तीन वर्षं सनदधारक हवा आणि त्याने तसं लिहून द्यायला हवं.

हे शिक्षण एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाची परवानगी असलेल्यांना किंवा ग्रीन कार्डधारकांना उत्तम. फक्त यासाठी पुण्या-नागपूरहून विद्यार्थी व्हिसा (एफ-१) काढून येणं मात्र तोट्याचा सौदा आहे. शिक्षणानंतर ओपीटीचे, म्हणजे तात्पुरत्या कामाच्या परवानगीचे १२ महिने मिळतात, हा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) नसल्याने पुढची मुदतवाढ नाही. या नोकरीला सहसा विशिष्ट विषयातली बॅचलर पदवी लागत नाही, म्हणून एच-१बी मिळणंही अवघड.

कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, राज्याच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर पडतात. असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीच्या ६० युनिटचे २,७६० डॉलर, पुस्तकं वेगळी. अनिवासी दर याच्या कित्येक पट. एच-४ वाल्यांना राज्यात वर्षाहून अधिक राहिल्याचे पुरावे देऊन रहिवासी दर मिळू शकतो, एफ-१ वाल्यांना नाही. भारतातली पदवी असेल तर प्रवेशाआधीच गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यमापन करून घ्या. सामान्य विषय माफ झाले की केवळ कायद्याचे पेपर उरतात. आणि भारतात वकिलीची सनद असेल, तर कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या सनदेच्या परीक्षेला, थेट बसता येतं का, ते आधी तपासा. बरेच जण हे न पाहताच पॅरालीगलच्या वर्गात येऊन बसतात.

अभ्यासात खरी दांडी उडते ती दिवाणी प्रक्रियेच्या पेपरात, आणि तीसुद्धा दिवस मोजताना. ३ मार्च २०२५ ला समन्स प्रतिवादीच्या हातात पडलं, तर पहिला दिवस धरायचा नाही. ३० दिवस ४ मार्चपासून मोजायचे, म्हणजे उत्तराची मुदत २ एप्रिल. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर कामाचा पुढचा दिवस. प्रतिवादी घरी नव्हता म्हणून समन्स घरच्यांकडे दिलं आणि प्रत टपालाने पाठवली, तर टपालात टाकल्यापासून दहाव्या दिवशी बजावणी पूर्ण होते आणि तिथून पुढे ३०. दाव्यात एका पक्षाने दुसऱ्याला पाठवलेल्या लेखी प्रश्नावलीच्या उत्तरालाही ३० दिवस, पण ती राज्यातल्या राज्यात टपालाने आली तर आणखी ५, ईमेलने आली तर कोर्टाचे २ दिवस वाढीव. त्यात अमेरिकन तारखेत महिना आधी. ०३/०४ म्हणजे ४ मार्च. आपल्या सवयीने ३ एप्रिल वाचलं की अख्खा महिना हुकला.

बजावणी हाही आपल्याला नवा प्रकार. इथे कोर्टाचा बेलिफ आपणहून समन्स घेऊन जात नाही, ती जबाबदारी वादीची. वादीने मात्र ते स्वतः देऊन चालत नाही. किमान १८ वर्षांची, दाव्यात पक्षकार नसलेली व्यक्ती लागते आणि ती पीओएस-०१० हा बजावणीच्या पुराव्याचा फॉर्म भरून सही करते. त्यातला पत्ता किंवा बजावणीची पद्धत चुकीची लिहिली गेली, की एकतर्फी निकालाचा अर्ज परत येतो.

लेखनाच्या पेपरात आपल्याकडचे एलएलबी हमखास गुण गमावतात. ‘नम्रतापूर्वक सादर करतो की’ छापाची पल्लेदार इंग्रजी इथे चालत नाही. निष्कर्ष पहिल्या ओळीत, मग नियम, मग वस्तुस्थितीला तो लावणं.

नीतिनियमांचा पेपर सोपा वाटतो, पण खरी कसोटी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लागते. ‘अगं, तू कायद्याचं शिकतेयस ना, मग ग्रीन कार्डला कुठला फॉर्म भरू?’ असं कुणी काकू विचारतात. कुठला फॉर्म भरायचा हे सुचवणंसुद्धा पॅरालीगलला मना आहे. आपल्यावर देखरेख करणाऱ्या वकिलाखेरीज कुणासाठीही कायदेशीर कागद निवडायचा नाही, समजावायचा नाही, लिहायचाही नाही. काकूंना वकिलाचा नंबर द्यावा, आणि मोदक घ्यावा.

नोकरी लागल्यावर दर दोन वर्षांनी नीतिनियमांचे ४ तास आणि कायद्याचे ४ तास शिक्षण सक्तीचं आहे. राज्याकडे पॅरालीगलची नोंदणीच नाही, त्यामुळे ही प्रमाणपत्रं वकिलाला दाखवून स्वतःच्या फायलीत जपून ठेवायची.