अंगारकीचे 105 मोदक

अंगारकीच्या आदल्या रात्री माझ्या वहीत पाच नावं होती आणि प्रत्येक नावापुढे 21 हा आकडा. एकूण 105 उकडीचे मोदक, 25 रुपये नग. मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, कॉस्टिंग आवडता विषय. खाद्यपदार्थ विकायला लागणारी एफएसएसएआयची सरकारी नोंदणी आधीच करून घेतली होती, छोट्या घरगुती धंद्याला तेव्हा वर्षाला 100 रुपये लागायचे. नारळ मंडईतून आले होते, आंबेमोहोर धुऊन, सावलीत वाळवून पिठी दळून आणली होती. तोवर सोसायटीतल्या 11-11 मोदकांच्या दोनच ऑर्डरी केल्या होत्या, त्या झटकन झाल्या म्हणून या घेतल्या.

सकाळी सहाला मी आणि आजी नारळ फोडायला बसलो. नऊ नारळ खवायलाच पावणेदोन तास गेले. हा वेळ मी कुठेच धरला नव्हता. सारण शिजत आलं तेव्हा गोडी बघायला मी चमचा तोंडाशी नेला आणि आजीने मनगट धरलं. "नैवेद्याचं आहे ते. चाखायचं नसतं."

आजीला चाखावं लागतच नाही, तिला वासावरून आणि रंगावरून कळतं. मला नाही कळत. मग वजनकाटा काढला. नारळाच्या वजनाच्या निम्मा गूळ, वेलची-जायफळसुद्धा ग्रॅमवर. घरगुती पदार्थाची खरी गंमत हाताच्या अंदाजात असते असं म्हणतात, आणि आजीच्या बाबतीत ते खरंच आहे. पण पाच घरी एकच चव पोचवायची आणि चाखायची मुभा नाही, तर माझ्यासारखीला काटाच हवा. तो आता ओट्यावरच असतो.

उकडीने खरी परीक्षा घेतली. पिठीइतकंच पाणी, मीठ, चमचाभर तूप, दणदणीत वाफ, आणि हाताला सोसवेल तितक्या गरमीत मळणं. आजीच्या हातात पारी फिरते आणि मिनिटाभरात कळ्या पाडून मोदक ताटात. मला एकाला चार मिनिटं लागत होती. तेवढ्यात उरलेली उकड गार व्हायची, पारीच्या कडा चिरायच्या, की पुन्हा वाफ द्या, पुन्हा मळा. 105 पैकी साठाच्या वर मोदक आजीने वळले. एकदा ती पाठ टेकवायला भिंतीशी सरकली आणि पुन्हा पुढे आली, तेही मी पाहिलं, पण घड्याळ बघून गप्प बसले.

पाचचे पोचवायचे डबे साडेपाचला भरले. शेवटचा घाणा पात्रातून काढला तसा वाफाळता डब्यात, झाकण घट्ट. कोथरूडहून नारायण पेठेत पोचायला कर्वे रोडवरच पाऊण तास गेला.

तिथल्या गिऱ्हाईक काकूंनी माझ्यासमोरच डबा उघडला. झाकणाच्या आतून थेंब टपटप मोदकांवर पडले. तळाशी पाणी साचलेलं, पाऱ्या चिकट झालेल्या. काकूंनी एक मोदक शेंडीला धरून उचलला तर शेंडी आणि वरच्या कळ्या हातात आल्या, बाकीचा मोदक शेजारच्याला चिकटून तसाच राहिला. गुळाचं पाणी केळीच्या पानावर पसरलं.

त्या रागावल्या नाहीत. "अगं बाळा, बाप्पापुढे हे कसे ठेवू?" एवढंच म्हणाल्या. मी 525 रुपये परत दिले. मग त्यांनी मला आत बसवून सांगितलं. गरम मोदकाची वाफ गार झाकणाला लागून पाणी होते, म्हणून आधी चाळणीत काढून ठेवायचे. पण उघडे नाहीत, उघडे ठेवले की पारी सुकून तडकते. वर ओला करून घट्ट पिळलेला सुती पंचा टाकायचा, पंधरावीस मिनिटांनी डबा भरायचा.

जिन्यात उभी राहून मी बाकी चौघांना फोन केले. आत्ता झाकण उघडा, मोदक ताटात काढा, वर फडकं टाका, खराब झाले असतील तर पैसे परत. दोघांचे आधीच्या घाण्यातले होते, ते ठीक निघाले. दोघांचे थोडे चिकटले होते, पण त्यांनी चालवून घेतले. फोन करताना आवाज कापत होता, तरी त्यांना आधी माझ्याकडूनच कळलं, हे मला आजही बरं वाटतं.

चंद्रोदय सव्वानऊचा होता. वाण्याकडून दोन नारळ घेऊन घरी आले. आजीने काही न विचारता पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. नऊला दहा कमी असताना 21 मोदक नारायण पेठेत पोचले. काकूंनी झाकण उघडलं, बोटाने एका मोदकाला हलकेच स्पर्श केला आणि 525 रुपये माझ्या हातावर ठेवले.

रात्री हिशेब मांडला. जमा 2625. नारळ, गूळ, पिठी, तूप, डबे, पेट्रोल धरून खर्च 1240. उरले 1385. मग खाली तास लिहिले, माझे 14 आणि आजीचे 8. तासाला 63 रुपये, तेही गॅस न धरता. वहीत आजीची मजुरी शून्य होती, आणि ज्याला मी नफा म्हणत होते त्यातला मोठा वाटा तिच्या पाठीचा होता.

पुढच्या संकष्टीला तीनच ऑर्डरी घेतल्या, 35 रुपये नगाने. एक गिऱ्हाईक गेलं. नारळ मी एकटीने आदल्या रात्री खवून ठेवले. संध्याकाळी आजीच्या तासांचे पैसे पाकिटात घालून तिला दिले. तिने ते कपाटात, देवळाच्या पैशांच्या डब्याशेजारी ठेवलं.