कॉम्प्युटरचा रडीचा डाव

शनिवार, रात्रीचा एक वाजत आलाय

टीव्हीवरच्या आइस हॉकीच्या गेममध्ये कॉम्प्युटरकडून परत हरलो. ३-२. शेवटचे ११ सेकंद उरले असताना. सकाळी साडेसहाला चिरंजीवांना प्रॅक्टिससाठी रिंकवर पोचवायचंय, बाहेर उणे १४ आहे, गाडीवरचा बर्फ खरवडायला दहा मिनिटं आधी उठावं लागणार, हे सगळं माहीत असून मी बेसमेंटमध्ये बसून वहीत खरडतोय कारण झोप येणारच नाहीये. मघाशी वर जाऊन बायकोला सांगायला गेलो तर ती डोळे न उघडता म्हणाली "तू त्रेचाळीस वर्षांचा आहेस रे" आणि कूस बदलली. बरोबर आहे तिचं. पण ते ट्रिपिंग, म्हणजे स्टिकने समोरच्याला पाडणं, नव्हतं म्हणजे नव्हतं.

काय झालं ते आधी नीट लिहून ठेवतो, उद्या मलाच खोटं वाटेल. २-१ पुढे होतो, तिसरा म्हणजे शेवटचा पिरियड, घड्याळात १ मिनिट २० सेकंद. कॉम्प्युटरने गोलकीपर बाहेर काढला आणि त्याच्या बदल्यात सहावा खेळाडू आत आणला, हे खऱ्या आइस हॉकीत पण करतात, मागे पडलेली टीम शेवटी शेवटी हा जुगार खेळतेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझ्या माणसाने पक, म्हणजे ती रबरी चकती, अडवला, समोर सगळं मोकळं, पलीकडे रिकामी जाळी, चिटपाखरू नाही. मारला. पोस्टला लागला. ठीक आहे, लागतो पोस्टला. पण मग त्यांचा एक डिफेंडर, जो माझ्या मागे होता, स्क्रीनवर दिसत पण नव्हता, तो असा आला की बाकीच्यांच्या पायात स्केट्स आणि याच्या पायात राजधानी एक्स्प्रेस, माझ्या सगळ्यात फास्ट पोराला मागे टाकून पक घेऊन वळला सुद्धा. मी घाबरून पोक चेकचं, म्हणजे स्टिकने टोचून पक काढून घ्यायचं बटण दाबलं, स्टिक पकला लागली, मी बघितलं, पकलाच लागली, मग तो अजून थोडा पुढे गेला आणि तिथे जाऊन निवांत पडला. ट्रिपिंग. दोन मिनिटं. माझा एक माणूस पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसला, त्यांचे सहा, माझे चार. फेसऑफ, म्हणजे दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ परत सुरू करतात तो, माझ्याच झोनमध्ये, तो हरलो, शेवटच्या दोन मिनिटांत फेसऑफ मी जिंकतच नाही. लांब ब्लू लाइनवरून एक साधा मनगटाचा शॉट, पाच जणांच्या पायांतून वाट काढत, आत. २-२. आणि मग ११ सेकंद बाकी असताना तिसरा, तेव्हा माझा गोलकीपर कुठे बघत होता देव जाणे, प्रेक्षकांत कोणी गाववाला दिसला असेल त्याला.

शॉट्स माझे ३१, त्याचे १२. गेमचं नाव इथे लिहीत नाही, वहीत सुद्धा नाही, त्याला तेवढा मान पण द्यायचा नाहीये.

परवा आईला फोनवर म्हटलं हल्ली रात्री हॉकी खेळतो, तर ती काय खूश झाली. आम्ही खडकीचे. खडकीत हॉकी म्हटलं की धनराज पिल्ले, ऑर्डनन्स फॅक्टरीची कॉलनी, गुडघे फोडणारं मैदान, असं सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार, आणि पोरगा उशिरा का होईना पण मैदानावर गेला म्हणून बरं वाटलं असणार. मग कळलं की टीव्हीवर, सोफ्यावर बसून, आणि ती पण बर्फावरची. "मग ती कसली रे हॉकी" म्हणाली आणि विषय मटकीला मोड न येण्याकडे वळला.

पण बर्फावरची हॉकी मी इकडे कॅनडात, मिसिसॉगाला यायच्या कितीतरी आधी खेळलोय. कराडला, मामाकडे, मे महिन्याच्या सुट्टीत, घामाच्या धारा लागलेल्या असताना. मामेभावाकडे तो टीव्ही गेम होता, कॅसेट टाकायची, चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत टाकायची. निन्टेंडोचा १९८८ चा आइस हॉकी होता तो, हे साल-बिल मला आत्ता आत्ता कळलं, तेव्हा आम्ही त्याला "जाड्या-बारक्या" म्हणायचो, कारण त्यात खेळाडू तीनच प्रकारचे, काडी पैलवान, मधला आणि ढोल्या. काडी पैलवान वाऱ्यासारखा पळणार पण धक्का लागला की आडवा. ढोल्या जागचा हलणार नाही पण शॉट असा मारणार की समोरचा गार. पक म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आम्ही टिकली म्हणायचो. "अरे टिकली पास कर, टिकली!" त्यात पण कॉम्प्युटर हरवायचाच की आम्हाला, पण त्याचा राग आल्याचं आठवत नाही, कारण मांडीला मांडी लावून भाऊ बसलेला असायचा आणि जो काही राग असेल तो त्याच्यावर निघायचा.

आता माझं पोटच बग शोधण्यावर चालतं. चौदा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय, त्यामुळे आत काय चाललं असेल याचा अंदाज येतो आणि त्याने राग कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. लेव्हल वाढवली की कॉम्प्युटर जास्त हुशार होतो असं लोकांना वाटतं. बऱ्याच गेम्समध्ये तसं काही नसतं. हुशार करणं महाग पडतं, आकडे बदलणं स्वस्त. त्याच्या खेळाडूंचा वेग वाढवा, त्याच्या पासची अचूकता वाढवा, त्याच्या गोलकीपरला चपळ करा, आणि समोरच्या माणसाच्या टीममध्ये जी पोरं कॉम्प्युटरच चालवतोय ती थोडी बावळट करा, झाली अवघड लेव्हल. शिवाय त्याला स्क्रीनकडे बघावं लागत नाही. मी पासचं बटण दाबलं की पक कुठे जाणार हे मला कळायच्या आधी प्रोग्रॅमला माहीत असतं, आता ते त्याने वापरायचं की नाही हा बनवणाऱ्याच्या सभ्यतेचा प्रश्न. म्हणजे तुम्ही रमी खेळताय आणि तुमच्या पाठीमागे आरसा लावलेला आहे.

आणि हे सगळं माझ्या डोक्यातलं पिल्लू नाहीये. गेमवाले याला रबर बँड म्हणतात, जो पुढे जाईल त्याला मागे खेचायचं म्हणजे मॅच रंगते. १९९३ चा बास्केटबॉलचा एनबीए जॅम घ्या, तो बनवणारा मार्क टर्मेल डेट्रॉइट पिस्टन्सचा फॅन, त्याने नंतर उघड कबूल केलं की पिस्टन्सच्या विरुद्ध अटीतटीची मॅच असेल तर शिकागो बुल्सचे शेवटच्या क्षणाचे शॉट हुकावेत असा कोड त्याने घातला होता. म्हणजे तेव्हा अमेरिकेत किती पोरांनी रिमोट आपटला असेल, आणि आईबापांनी सांगितलं असेल बाळा गेम आहे, गेम कशाला मुद्दाम करेल. करतो हो! पण त्यातल्या त्यात त्या गेमचं मला कौतुक वाटतं कारण घरच्या कन्सोलवर त्याच्या मेनूत "कॉम्प्युटर असिस्टन्स" म्हणून सरळ लिहिलेलं होतं, बंद करायची सोय होती. आपल्याकडे लिंबू-टिंबू असायचे ना, कोणाचा तरी धाकटा भाऊ, आउट झाला तरी आउट नाही, पण ते टॉसच्या आधी सगळ्यांना सांगितलेलं असायचं. इथे कॉम्प्युटर गुपचूप लिंबू-टिंबू होतो आणि वर जिंकल्यावर हात वर करून नाचतो.

आता एक गोष्ट लिहायला जिवावर येतंय पण रोजनिशी आहे तर लिहितो. नोव्हेंबरपासून मी या वहीच्या मागच्या पानांवर हिशेब ठेवत होतो, ऑफिसात बग लॉग करतो तसा. प्रत्येक मॅच, शेवटच्या दोन मिनिटांत माझ्यावर झालेला गोल, कसा झाला, लाल पेनाने. २६ मॅचमध्ये १४ गोल. म्हटलं हा घ्या पुरावा. चिरंजीवांना दाखवला, वय वर्षं दहा, त्याने पान उलटं-सुलटं केलं आणि विचारलं, "बाबा, आपले शेवटच्या दोन मिनिटातले कुठे लिहिलेस?"

लिहिलेच नव्हते. ते तर मी चांगले खेळून मारलेले होते ना, त्यांचा काय हिशेब ठेवायचा.

मग पुढच्या १२ मॅच दोन्ही बाजूंचे लिहिले. त्याचे ६, माझे ५. त्या पानावर चहा सांडलाय, मुद्दाम नाही सांडला. सिव्हिलायझेशन हा गेम बनवणाऱ्या सिड मायरचं २०१० चं एक भाषण आहे गेम बनवणाऱ्यांसमोर, त्यात तो हेच सांगतो, की तीनास एक अशी बाजू आपल्याकडे असताना खेळणारा हरला की त्याला वाटतं गेमने फसवलं, आणि उलट एकास तीन असताना जिंकला की तेव्हा मात्र कोणाची तक्रार नसते, मग त्यांनी गेमच लोकांच्या मनासारखा वाकवला. वाचून मला थोडं लाजल्यासारखं झालं. थोडंच. कारण आकडे सारखे आले म्हणून ते ट्रिपिंग खरं होत नाही.

ऑफिसातल्या शेजारच्या माणसाला पण सांगून बघितलं की अरे खऱ्या हॉकीत असं शेवटच्या दीड मिनिटात होतं का. तो टोरोंटोचा, लीफ्सवाला, म्हणजे ज्या टीमने स्टॅनले कप शेवटचा १९६७ साली जिंकला तिच्यात जीव अडकलेला माणूस. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या घरच्या मयताची चेष्टा केली. १३ मे २०१३, बॉस्टनविरुद्ध मालिकेतली निर्णायक सातवी मॅच, लीफ्स ४-१ पुढे, तिसऱ्या पिरियडमध्ये. मग एक गोल गेला. मग बॉस्टनने गोलकीपर काढला आणि १ मिनिट २२ सेकंद बाकी असताना एक, ५१ सेकंद बाकी असताना अजून एक, ४-४, आणि ओव्हरटाइममध्ये पाचवा. लीफ्स बाद, चला घरी. "आणि आम्ही कुठलंही बटण दाबलं नव्हतं," म्हणाला. त्यानंतर त्याच्यासमोर मी माझ्या सोफ्यावरच्या दुःखाचा विषय काढलेला नाही.

मागच्या आठवड्यात चिडून सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्युटरचे सगळे आकडे खाली आणले, वेग, गोलकीपर, चेकिंग, सगळं. ९-० जिंकलो. दुसऱ्या पिरियडमध्येच जांभया यायला लागल्या, त्यांचा गोलकीपर पक बघून बाजूला सरकत होता, पाहुण्यांना वाट करून देतात तसा. परत सगळं होतं तिथे नेऊन ठेवलं.

मग मला नक्की टोचतंय काय, हा विचार मघापासून करतोय. हरणं नाही. चीटिंग पण नाही बहुतेक, चीटिंगमध्येच तर वाढलो आम्ही. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, तो आउट झाला की म्हणणार ट्राय बॉल होता, नाहीतर बॅट घेऊन घरी, आणि त्याची आई गॅलरीतून ओरडणार की माझ्या पोराला का रडवता. पण तिथे भांडता यायचं. अर्धा तास खेळ आणि एक तास भांडण, रडीचा डाव, चिडका बिब्बा, कॉलर धरा, कट्टी करा, संध्याकाळी परत बट्टी. माझ्याशी कोणी खोटं खेळला तर तो पकडला जायची भीती त्याच्या तोंडावर दिसायची. या डब्याच्या तोंडावर काय दिसणार? ट्रिपिंग दिलं, पट्टेवाला रेफरी घसरत आला, हात वर केला, आणि मी सोफ्यावरून उठून मराठीत जे काही बोललो ते शेजारच्या पंजाबी काकांनी ऐकलं असेल पण त्याने ऐकलं नाही. ऑफिसात निदान बग टाकला की समोरून डेव्हलपर येऊन भांडतो तरी, "हे असंच असायला पाहिजे" म्हणून तिकीट बंद करतो, मग मी परत उघडतो, दोघं दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी कॉफी.

गेल्या रविवारी चिरंजीव आणि मी दोघंच खेळलो, कॉम्प्युटर बाजूला. मी शॉट मारायला बटण दाबून धरलं, हात मागे घेतला माझ्या खेळाडूने, आणि बरोबर तेव्हा याने पॉज दाबलं. पाणी प्यायचंय म्हणे. पाणी पिऊन आला, चालू केलं, माझा शॉट गेला कडेच्या काचेवर. मी म्हटलं हा रडीचा डाव आहे. त्याने विचारलं म्हणजे काय, मी सांगितलं, तर म्हणतो मग मघाशी तू माझ्या तोंडासमोर हात धरलास ते काय होतं. ते खरं होतं. मी म्हटलं तो वेगळा विषय आहे. तो म्हणाला "रडीचा डाव", त्याच्या त्या कॅनडातल्या ड ने, आणि तिथून जे सुरू झालं ते बायको खाली येऊन दोघांचे कंट्रोलर काढून घेईपर्यंत चाललं. जेवताना दोघं गप्प. जेवण झाल्यावर त्याने हळूच विचारलं, अजून एक?

४-१ हरलो. पडल्या पडल्या झोप लागली होती त्या दिवशी.

उद्या प्रॅक्टिसहून येताना गाडीत त्याला विचारतो दुपारी मॅच लावायची का. पॉजला कोणी हात लावायचा नाही, आणि तोंडासमोर हात धरायचा नाही, दोन्ही अटी आधीच ठरवून. पहिलीच फक्त ठरवून बघायची का?