कानाची गोळी आहे का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘ताई, आवाजानं कान जाऊ नयेत म्हणून अँटीऑक्सिडंटची गोळी निघालीय म्हणे. आहे का?’ इचलकरंजीत मेडिकल चालवते, त्यात यंत्रमाग चालवणाऱ्याची पोरगी, म्हणजे मला ठाऊक असणारच. आता एकदाचं लिहूनच टाकते.

गोळ्या आहेत. तुम्हाला हवी ती नाही.

डी. फार्म. होऊन आले तेव्हा ‘थोतांड आहे सगळं’ म्हणून मोकळी व्हायचे. आता तसं म्हणवत नाही. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या केसपेशींत, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींत, फ्री रॅडिकल्स नावाचे पेशींना इजा करणारे रेणू तयार होतात, आवाज थांबल्यावरही काही दिवस होत राहतात, आणि पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ही नासधूस अँटीऑक्सिडंटनं, म्हणजे त्या रेणूंना निकामी करणाऱ्या पदार्थानं, रोखावी, या विचारात खोट काहीच नाही. गिनीपिगांवर अ, क, ई जीवनसत्त्वं आणि मॅग्नेशियम यांचा एकत्र उपयोग झाला. माणसापाशी आलं की घोडं अडतं. अमेरिकेत मरीन सैनिकांना बंदुकीच्या प्रशिक्षणात एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन दिलं, पण मुख्य निकषावर ठोस फरक निघाला नाही. मी कफासाठी विकते ती फसफसणारी गोळी हीच. पेल्यात टाकली की संत्र्याच्या वासाखालून गंधकाचा वास येतोच. मग एब्सेलेन नावाचं औषध. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत धडधाकट तरुणांना इअरफोनवर चार तास मोठ्यानं गाणी ऐकवली, औषध घेतलेल्यांच्या कानाला तात्पुरता बधिरपणा कमी आला. तात्पुरता! आमच्या आप्पांची उभी हयात पाळीत गेली.

आप्पांना तपासणीला मीच नेलं होतं. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. मी बाहेर, तपासणाऱ्या मॅडमच्या शेजारी. टेबलावरचा दिवा सारखा लागायला लागला, तसा मला आनंदच झाला. म्हटलं, ऐकतायत की! मॅडम म्हणाल्या, “मी अजून काही वाजवलंच नाहीये.” कानात अखंड चाललेल्या शिट्टीला आप्पा इमानानं बटण दाबत होते. आणि मॅडमनी खरोखर वाजवली तेव्हा दिवा लागेना. कागदावरची रेघ 4000 हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, खाली कोसळली होती. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “बरोबर दाबलं न्हवं?” मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

गोळीचं त्यांनाही विचारून झालंय. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं, तर हसले. “गोळी असती तर मालकानं च्याबरोबर वाटली असती गं. आणि चाराचं सा माग दिलं असतं.”

याला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याचे माग एका शेडमध्ये लागले की ती कधीच मागे पडते. फोमचे बोळे घाला म्हटलं की तुम्ही म्हणता, मागाचा ताल बिघडलेला कळत नाही, घामानं कान खाजतात. खरं आहे, आप्पाही तेच म्हणायचे. पण कापूस कोंबून जवळपास काहीच अडत नाही, आणि फोमचा बोळा पिळून, कान वर ओढून खोल बसवला तर बरंच अडतं. दुकानात तो कसा बसवायचा ते करून दाखवते. लोक बघतात, मान डोलवतात आणि गोळीचं विचारतात.

परवा एक पोरगा आला, नुकताच मागावर लागलेला. “द्या की, तोटा तर नाही न्हवं?” तोटा पैशाचा आहे, शिवाय गोळी घेतली या भरवशावर बोळे खिशातच राहतात, त्याचा आहे. एवढं सगळं सांगून त्याला व्हिटॅमिन सी-ची पट्टी दिली, बोळ्यांची जोडी फुकट. द्यायला नको होती म्हणाल, तर मी तुमच्याशी भांडेन. द्यायला हवी होती म्हणालात, तरीही.